एकही जहाज न गमावता

माझा नवरा पनवेलच्या दवाखान्यातून घरी आला आणि थोड्याच दिवसांत त्याने कपाटावरचा जुना लॅपटॉप काढून मागितला. मला बरं वाटलं. तोवर तो नुसता पडून असायचा. टीव्ही नको, पेपर नको, भेटायला आलेल्यांशी दोन शब्दांपलीकडे बोलणं नको. लॅपटॉपवरची धूळ मी ओल्या फडक्याने पुसली, चार्जर शोधून दिला आणि त्याच्या पाठीशी दोन उशा लावल्या. त्याने त्याचा तो जुना खेळ उघडला. मी स्वयंपाकघरात जाऊन सासूबाईंना सांगितलं, आज जरा माणसात आलाय.

आम्ही तेव्हा अष्टमी गावात भाड्याने राहायचो. पूल ओलांडला की रोहा, आणि रोह्याच्या पुढे त्याची कंपनी. रसायनांची कंपनी, तीन पाळ्यांत चालणारी. तो एका प्लांटचा शिफ्ट इन्चार्ज होता. धरमतरच्या बाजूच्या खाडीकाठच्या गावातला मुलगा, आईवडील दोघंही मिठागरावर राबलेले. त्यांच्या घरातला खुर्चीत बसून काम करणारा तो पहिलाच. मी पेणची. आम्ही कॉलेजात एकत्र होतो, म्हणून एकमेकांना अरे-तुरे करतो. सासूबाईंना ते सुरुवातीला खटकलं होतं, मग सवय झाली.

अपघात दुसऱ्या पाळीत झाला, दुपारच्या चहाच्या सुमाराला. मला जे कळलं आणि गावात जे बोललं गेलं ते असं: एका टाकीखाली खड्ड्यासारखी जागा होती, तिथे पाइप गळला आणि वायू साठला. ठेक्यावरचा एक तरुण कामगार खाली उतरला आणि तिथेच कोसळला. माझ्या नवऱ्याने तोंडाला ओला रुमाल बांधला, खाली उतरला आणि त्याला खांद्यावर टाकून वर आणला. तो मुलगा दवाखान्यात पोचायच्या आधीच गेला. माझ्या नवऱ्याच्या छातीत तो वायू भरला होता. डॉक्टर म्हणाले, वाचला हे नशीब, पण फुप्फुसं पहिल्यासारखी व्हायला वेळ लागेल. धूळ नको, धूर नको, दगदग नको.

लोक भेटायला येत. कंपनीतले साहेब फुलांचा गुच्छ घेऊन आले. त्यातले एक म्हणाले, तुम्ही होतात म्हणून तो निदान बाहेर तरी निघाला. नवऱ्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. मी त्यांना चहा दिला आणि सांगितलं की औषधांमुळे त्यांना गुंगी येते.

खेळ अंतराळातला होता. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी सुट्टीच्या दिवशी तो खेळायचा तेव्हा त्याने मला तो नीट समजावून दिला होता. सुरुवातीला तुमच्याकडे एकच ग्रह आणि दोन-तीन जहाजं असतात. काळ्या पडद्यावर तारे पसरलेले, बारीक रेघांनी एकमेकांना जोडलेले. कुठल्या ताऱ्याभोवती काय आहे ते तिथे जहाज गेल्याशिवाय कळत नाही. राहता येईल असा ग्रह सापडला की तिथे माणसं पाठवायची, शेती आणि कारखाने उभे करायचे, नवीन शोध लावायचे. पलीकडे दुसऱ्यांची साम्राज्यं असतात. त्यांच्याशी तह करायचा नाहीतर लढायचं. हे सगळं पाळीपाळीने चालतं. तुम्ही सगळ्यांना हुकूम द्यायचे, मग कोपऱ्यातलं एक बटण दाबायचं. ते दाबलं की तुमचे आणि शत्रूचे हुकूम एकदम अमलात येतात आणि एक वर्ष सरतं.

"आणि नाही दाबलं तर?" मी तेव्हा विचारलं होतं.

"तर विश्वात काहीच होत नाही. सगळं थांबून राहतं. तू जेवून ये, झोपून ये."

त्या दिवसांत तो बेफाम खेळायचा. अख्खं आरमार बुडालं तरी हसायचा आणि दुसरं बांधायला घ्यायचा. एकदा त्याचं साम्राज्य इतकं पसरलं की पडदा कितीही मागे सरकवला तरी सगळीकडे त्याचा हिरवा रंग दिसत होता. मला बोलावून त्याने ते दाखवलं होतं.

माझं काम पेणला. माहेरचा गणपतींचा कारखाना आहे, भाऊ बघतो. मी मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करते. लग्नानंतरही ते सोडलं नाही. सकाळच्या गाडीने जायचे आणि परत येताना जी एसटी मिळेल ती धरायचे. त्या वर्षी हंगाम जवळ आला होता, मूर्ती रांगेने वाट बघत उभ्या होत्या. नवऱ्याला घरी एकटं ठेवायला नको म्हणून सासूबाई गावाहून येऊन राहिल्या होत्या. त्याला माझ्याबरोबर पेणला नेण्याचा प्रश्नच नव्हता, कारखान्यात प्लास्टरची धूळ.

मी संध्याकाळी घरी आले की हातपाय धुवून त्याच्या शेजारी बसायचे.

"कुठवर आलं राज्य?"

"वाढतंय."

इतकंच बोलणं. मला वाटायचं, बरं आहे, मन रमतंय. पण दोन-तीन आठवड्यांनी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मी जेव्हा जेव्हा बघायचे, तेव्हा पडद्यावर तेच दोन-चार तारे असायचे. तोच एक निळसर ग्रह, त्याच्या बाजूला एक तपकिरी, आणि भोवती सगळा काळोख. हिरवा रंग हाताच्या पंजाएवढा. दिवसभर खेळणाऱ्या माणसाचं राज्य एवढंसंच कसं, हा प्रश्न मला पडला, पण मी विचारलं नाही. त्याच्याशी काहीही बोलायचं म्हणजे आधी मनात दहादा घोळवायचं, असं तेव्हा झालं होतं.

एका रविवारी मी घरी होते. मेथी निवडत त्याच्या मागे बसले आणि बघत राहिले. त्याने शोधाला निघणारं जहाज एका लाल ताऱ्याकडे पाठवलं. बटण दाबलं. पडद्यावर लाल चौकट आली: जहाजाशी संपर्क तुटला. त्याने ती पुरती वाचलीसुद्धा नसेल. बोटांना पाठच असल्यासारखं त्याने जुन्या नोंदींची यादी उघडली आणि खेळ मागे नेला, जहाज निघण्याआधीच्या क्षणाला. मग तेच जहाज दुसऱ्या ताऱ्याकडे पाठवलं. तिथे कुठलेतरी चाचे होते. पुन्हा चौकट, पुन्हा मागे. मग त्याने जहाज कुठेच पाठवलं नाही. नुसतंच बटण दाबत वर्षं घालवली, आणि शेवटी शेजारचं साम्राज्य येऊन थडकलं. मग त्याने तो अख्खा खेळ मोडला आणि पहिल्यापासून सुरू केला.

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांना वाचता येत नाही, पण त्या इतके दिवस त्याच्याबरोबर ते सगळं बघत होत्या. त्यांचे भाऊ धरमतरला बार्जवर कामाला होते, त्यामुळे जहाज म्हटलं की त्यांचं लक्ष जायचं. त्यांनी विचारलं, "त्या जहाजात माणसं हायत काय रे?"

त्याने कळफलकावरून बोटं उचलली. मग म्हणाला, "हायत."

"मग नको धाडू."

"धाडल्याशिवाय खेळ पुढं जात नाय, आये."

सासूबाई आत गेल्या. माझ्या हातातली जुडी तशीच राहिली. त्याचा आवाज मला ओळखीचा वाटला नाही.

त्याच आठवड्यात कंपनीतला एक अधिकारी पुन्हा आला. या वेळी गुच्छ नव्हता. तो नवऱ्याशी दार लावून बोलला. जाताना मला म्हणाला, चौकशी आहे, घाबरण्यासारखं काही नाही, फक्त विचारतील तेवढंच सांगायचं. तो गेल्यावर नवरा जेवला नाही. सासूबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "गो, याला काय तरी खातंय आतून. तू इचार." मी म्हटलं, विचारते. पण कसं विचारायचं ते मला समजत नव्हतं.

मग एके दिवशी पेणला वीज नव्हती आणि मी दुपारीच परतले. तो झोपला होता. लॅपटॉप उघडाच होता. मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी खाली बसले आणि माझा स्वतःचा एक नवीन खेळ सुरू केला. बघायचं होतं, यात एवढं काय आहे. मला त्यातलं फारसं कळत नव्हतं. मी जिकडे वाट दिसेल तिकडे जहाजं पाठवत सुटले. पहिलं गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्याला एक ग्रह सापडला, समुद्रवाला, चांगला. मी तिथे माणसं पाठवली. लाल चौकटी येत होत्या, मी त्या बंद करून पुढे जात होते. हळूहळू माझा रंग पसरायला लागला आणि खरं सांगायचं तर मला मजा यायला लागली. कितीतरी दिवसांत मी कशात रमले नव्हते.

तो मागे येऊन उभा राहिला ते मला कळलं नाही.

"तुझं जहाज गेलं," तो म्हणाला.

"हो, पण ग्रह मिळाला बघ."

"मागे जा."

"कशाला? एवढं पुढे आलेय."

"मागे जा म्हणतोय ना."

मी वळून त्याच्याकडे बघितलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी काही करायच्या आत त्याने हात घालून लॅपटॉप खाडकन मिटला, चपला पायात सरकवल्या आणि जिना उतरून गेला. डॉक्टरांनी जिने चढू-उतरू नको म्हणून सांगितलं होतं. मी तशीच त्याच्या मागे धावले.

तो पुलाजवळ नदीच्या काठावर बसला होता. खोकला थांबत नव्हता. मी पाठीवरून हात फिरवत राहिले. कुंडलिकेला पाणी कमी होतं, पलीकडे बायका कपडे आपटत होत्या. खोकला शमल्यावर तो नदीकडेच बघत म्हणाला, "मीच पाठवलं त्याला."

मला वाटलं तो अजून खेळाबद्दल बोलतोय.

"तो आपला आपण गेला नव्हता. मला फोन आला की खाली वास येतोय. मी कंट्रोल रूममध्ये होतो. तो समोर दिसला. मी म्हटलं, जरा बघून ये काय आहे ते. तो म्हणाला, साहेब, सेट घेऊ का. हवेची टाकी आणि मास्क, तो ब्रीदिंग सेट पलीकडच्या प्लांटला होता, आणायला वेळ गेला असता. मी म्हटलं, नुसतं वरून बघायचंय, सेट कशाला. तो हो म्हणाला आणि गेला."

मग म्हणाला, "रोज कोणी ना कोणी असंच बघून येतं, वरून दिसलं नाही की खाली उतरतं. मीही कितीदा गेलोय. त्यालाही माहीत होतं. पण त्याने विचारलं होतं."

कंपनीने काढलेला निष्कर्ष मी लोकांच्या तोंडून ऐकला होता: कामगार परवानगी न घेता, कोणालाही न सांगता खाली उतरला. मला तो साधा आणि खरा वाटला होता. आता कळलं की ते खोटं आहे आणि माझ्या नवऱ्याला ते पहिल्यापासून माहीत आहे. तो अधिकारी दार लावून हेच सांगून गेला होता. तुम्ही खाली उतरल्यापासूनचं सांगा, त्याच्या आधीचं तुम्हाला काही आठवत नाही. माझ्या नवऱ्याने मान डोलावली होती.

त्या दिवशी मी त्याला सांगून टाक म्हटलं नाही आणि गप्प राहा असंही म्हटलं नाही. घरी गेलो. सासूबाईंनी भात वाढला. मी माझा तो खेळ पुन्हा उघडला नाही, त्याने त्याचा उघडला. पण आता मी मागे बसून बघितलं की मला तो काय करतोय ते दिसायचं. तो एकही जहाज न गमावता राज्य उभं करता येतं का ते बघत होता. येत नव्हतं. तरी तो मागे जाऊन, पुन्हा मागे जाऊन, नवीन वाट शोधत होता.

त्यानंतर त्या मुलाचा बाप आमच्याकडे आला.

तो रोह्याच्या आतल्या बाजूच्या एका गावातला, भात आणि वालाची शेती करणारा माणूस. अंगात इस्त्री केलेला पांढरा सदरा, डोक्याला टोपी, हातात कापडी पिशवी. दारात उभं राहून त्याने विचारलं, सायेब इथंच ऱ्हातात काय. त्याला बसवलं, पाणी आणि चहा दिला. नवरा खाटेवर उठून बसला. त्याने लॅपटॉप खाली जमिनीवर ठेवला.

म्हाताऱ्याने आधी त्याच्या तब्येतीची चौकशी केली. खोकला कसा, औषध कुठलं, असं सगळं. मग पिशवीतून वालाची पुडी काढून माझ्या हातात दिली, म्हणाला, घरचं हाय. मला ती पुडी हातात धरवेना. मी ती ओट्यावर ठेवली आणि दाराशी येऊन उभी राहिले.

मग म्हाताऱ्याने विषय काढला. कंपनीचे लोक येऊन सांगून गेले होते की तुमचा मुलगा कोणाला न विचारता उतरला, चूक त्याची. हे ऐकून सून, त्याची बायको, बोलेनाशी झाली आहे. गावात लोक म्हणतात, पोरगा आगाऊ होता. तुम्ही त्याला उचलून आणलं, तुमचे उपकार आहेत, म्हणून तुम्हाला विचारायला आलो. हे सगळं तो शांतपणे, वाक्यामागून वाक्य सांगत गेला. शेवटी म्हणाला, "सायेब, माजा पोर इचारल्याबिगर काय करायचा नाय. लहानपणापासून तसाच. म्हणून मला ह्ये पटत नाय."

नवरा खाली बघत होता. सासूबाई आतून बाहेर आल्या आणि माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं, पण त्यांनी माझा दंड धरला.

"त्याने विचारलं होतं," नवरा म्हणाला.

"काय इचारलं?"

"सेट घेऊ का म्हणून. मी नको म्हटलं. आणि पाठवलं मीच."

मग त्याने नदीकाठी मला जे सांगितलं होतं ते सगळं म्हाताऱ्याला सांगितलं. त्यात काही कमी केलं नाही, काही सावरून घेतलं नाही. मधे एकदा त्याला खोकला आला तेव्हा म्हातारा थांबून राहिला. त्याचं सांगून झालं. म्हाताऱ्याने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तिच्या कडेवरून अंगठा फिरवत बसला. तो ओरडेल, शिव्या देईल, असं मला वाटत होतं. त्याने तसं काहीही केलं नाही आणि ते मला जास्त जड गेलं.

"घाबरला व्हता काय?" त्याने विचारलं.

"नाही. हो म्हणाला आणि गेला."

"मंग ह्ये तुमी तिथं सांगाल?"

"सांगेन."

म्हाताऱ्याने टोपी डोक्यावर घातली. उठताना त्याला आधार लागला, तो सासूबाईंनी दिला. दारापर्यंत जाऊन तो वळला, जणू आणखी काही विचारायचं होतं, पण तसाच गेला. चहा तसाच राहिला होता.

तो गेल्यावर सासूबाई लेकाजवळ बसल्या. मला वाटलं त्या रडतील. त्या म्हणाल्या, "बोललास ते बरा झाला. आता भोगायला लागंल." आणि उठून कामाला लागल्या.

चौकशीत नवऱ्याने सांगितलं. मी बाहेर बाकावर बसले होते, त्यामुळे आत काय झालं ते मला त्याच्याकडून नंतर तुटक तुटक कळलं. एकाने म्हणे तीनदा विचारलं की तुम्ही औषधांच्या अमलाखाली तर नाही ना. तो नाही म्हणाला. बाहेर आला तेव्हा त्याच्या शर्टाची पाठ घामाने भिजली होती. रिक्षात बसल्यावर म्हणाला, भूक लागली आहे. अष्टमीच्या नाक्यावर थांबून आम्ही वडापाव खाल्ला. अपघातानंतर त्याने स्वतःहून काही खायला मागितलं ते पहिल्यांदा.

पुढे सगळं सुटत जाईल असं मला तेव्हा वाटलं, ते चुकलं. कंपनीने त्याला घरी बसवलं. पोलिसांनी बोलावलं. त्याच्यावर केस झाली, कंपनीच्या आणखी एका साहेबावरही झाली. सेट जागेवर का नव्हता, हा प्रश्न विचारला गेला, पण त्याचं उत्तर द्यायला जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवत होता. त्याच्या पाळीतले लोक रोज फोन करायचे, ते फोन बंद झाले. कॅन्टीनमध्ये म्हणे बोलणं चालायचं की स्वतः मेला असता तर बरं, आता सगळ्यांना अडकवणार. आमच्याच इमारतीत राहणारा एक जण समोर आला की मोबाइलकडे बघायचा. माझा भाऊ माझ्यावर चिडला. त्याला कोणी विचारलं होतं का, असं तो मला म्हणाला. मी म्हटलं, हो, विचारलं होतं.

आम्ही अष्टमी सोडली आणि पेणला आलो. माहेराजवळ दोन खोल्या घेतल्या, कारखान्यापासून जरा लांब, धूळ येणार नाही अशा. सासूबाई गावी परत गेल्या. नवऱ्याने एका दुकानात हिशेबाचं आणि संगणकाचं काम धरलं. डॉक्टर म्हणतात छाती सुधारतेय. मला तसं दिसत नाही, पण मी डॉक्टर नाही.

खेळ तो बरेच दिवस उघडत नव्हता. मग एका संध्याकाळी मी घरी आले तर लॅपटॉप चालू होता. मी मुद्दामच जवळ गेले नाही. कुकर लावला, भाजी चिरली. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "हरलो."

"म्हणजे?"

"शेजाऱ्यांनी राजधानी घेतली. संपलं."

आवाजात काही विशेष नव्हतं. मी विचारलं, मागे नाही गेलास? तो म्हणाला नाही, आणि ताटं घ्यायला उठला. त्या रात्री तो झोपला का ते मला माहीत नाही, मी झोपले. आता कधी कधी खेळतो. मी आता त्याच्या मागे बसत नाही.

म्हाताऱ्याचा फोन आला तो वर्षश्राद्धाच्या आधी. म्हणाला, सायेब, तुमी यायला पायजे. नवरा हो म्हणाला आणि फोन ठेवला. मी म्हटलं, जायलाच हवं का. तो म्हणाला, त्यांनी बोलावलंय.

आम्ही रोह्याला उतरून तिथून पुढच्या एसटीने गेलो. गाव छोटं, रस्त्याच्या बाजूला वालाची शेतं, मग घरं. अंगणात मांडव घातला होता. लोकांना आम्ही कोण ते माहीत होतं. बोलणं थांबलं, मग पुन्हा सुरू झालं, पण हळू. म्हातारा पुढे आला, नवऱ्याचा हात धरून त्याला आत ओटीवर नेऊन बसवलं. फोटोला हार घातला होता. मी तो चेहरा पहिल्यांदाच बघत होते. मिशी नुकतीच राखायला लागलेला, गालात हसू दाबून धरल्यासारखा मुलगा. नवऱ्याने फुलं वाहिली, नमस्कार केला आणि तिथेच भिंतीला टेकून बसून राहिला. त्याला उठता येईना असं मला वाटलं, पण मी हात पुढे केला नाही. सगळे बघत होते.

पंगत बसली. वाढायला घरातल्या बाया होत्या. म्हाताऱ्याची सून कोणती ते मला सांगावं लागलं नाही. ती डाळ वाढत आली. बारीक, माझ्यापेक्षा लहान. एकेका पानावर पळी ओतत ती माझ्या नवऱ्यापाशी आली आणि थांबली. त्याने मान वर केली. तिने त्याच्या भातावर डाळ घातली आणि पुढे गेली.

आम्ही निघताना ती परसातून बाहेर आली. पदराला हात पुसत होती. म्हातारा पलीकडे लोकांना निरोप देत होता, त्याच्या कानावर जाणार नाही अशा बेताने ती माझ्या नवऱ्याला म्हणाली, "तुमी सांगितलात, चांगला केलात. लोकांची तोंडं गप झाली. पन आता परत येऊ नका. मला तुमाला बघवत नाय."

तो म्हणाला, "नाही येणार."

ती माझ्याकडे वळली. मला वाटलं मलाही काही बोलेल. "सांभाळून जा गो," ती म्हणाली आणि आत गेली.

एसटीला वेळ होता. आम्ही फाट्यावरच्या झाडाखाली उभे राहिलो. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, तिला अजून त्रास होतोय. तो म्हणाला, "तिचं बरोबर आहे." मग गाडी आली. गाडीत त्याला खिडकीची जागा मिळाली. धूळ येत होती म्हणून मी काच ओढली, तर त्याने ती परत उघडली आणि तोंडावर रुमाल धरला.

केस चालू आहे. तारखा पडतात, आम्ही जातो, पुढची तारीख घेऊन येतो. काय होईल ते वकिलालाही सांगता येत नाही. नवऱ्याने दिलेला शब्द पाळला, त्या गावाला आम्ही पुन्हा गेलो नाही. म्हाताऱ्याचा मात्र अधूनमधून फोन येतो. नवरा फोन घेऊन बाहेर गॅलरीत जातो आणि दार ओढून घेतो. आवाज ऐकू येत नाही, काचेतून नुसती त्याची पाठ दिसते. कधी लगेच आत येतो, कधी बराच वेळ लागतो. ते दोघं काय बोलतात ते मी अजून विचारलेलं नाही.